जानेवारीत उकडतंय, सरडे बाहेर दिसतायत, मग नेमकं बघायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडजवळ शेत आहे, जुना दगडी बांध आहे, यंदा जानेवारीतच दुपारी शर्ट भिजतोय, आणि बांधावर सरडे, सापसुरळ्या रोज दिसतायत. थंडीत हे झोपलेले असायला हवेत ना, मग गरमीने लवकर उठले का, त्यांना त्रास होतोय का, दाणापाणी ठेवू का, आणि नीट निरीक्षण करायचं तर कसं. चांगला प्रश्न आहे. पण आधी त्यातलं "झोपलेले असायला हवेत" हे बाजूला काढूया, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

आपल्या दख्खनच्या पठारावर सरडे युरोपातल्यासारखे महिनोन् महिने शीतनिद्रेत जात नाहीत. तिकडे जमीन गोठते, आपल्याकडे तसं काही होत नाही. आपली थंडी म्हणजे खरं तर रात्रीची आणि सकाळची थंडी. पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीस, हे पुण्याच्या आसपास जानेवारीत अगदी नॉर्मल आहे. त्यामुळे इथला सरडा हिवाळ्यात सुस्त होतो, उशिरा निघतो, लवकर आत जातो, काही दिवस निघतच नाही, पण चांगलं ऊन पडलं की बाहेर येतो. मी बरीच वर्षं पुणे-सातारा पट्ट्यातल्या पठारांवर आणि बांधांवर हेच काम करते, आणि जानेवारीत अजिबात सरडा दिसला नाही असं वर्ष मला आठवत नाही. तेव्हा सरडा दिसला ही बातमी नाही. तो किती वाजता दिसला, कुठल्या दगडावर, काय करत होता आणि दुपारी कुठे गेला, बातमी त्यात असते.

आता "गरम हिवाळा" म्हणजे काय ते बघू, कारण दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक असतो ढगाळ गरम हिवाळा. ढगांमुळे रात्री जमिनीची उष्णता वर निघून जात नाही, किमान तापमान वाढतं, पहाटे थंडी वाजत नाही, आणि आपण म्हणतो यंदा थंडीच नाही. पण दिवसभर ऊनही नाही. सरड्याला हवेच्या उबेपेक्षा सूर्याची थेट तिरीप जास्त लागते, त्यामुळे अशा दिवशी तुम्हाला स्वेटर लागत नसला तरी बांधावर सरडे कमी दिसतात. उलट रात्री पडवीतल्या ट्यूबलाइटपाशी पाली जास्त दिसतात, कारण रात्र उबदार असली की किडे उडतात आणि पालीही हलू शकतात. दुसरा असतो कोरडा, निरभ्र गरम हिवाळा. पहाट बऱ्यापैकी गार पण दहानंतर ऊन तापतं आणि दुपारी बत्तीस-तेहतीस. यात सरडे भरपूर दिसतात. तुम्ही दुपारी शर्ट भिजतोय म्हणताय, पण पहाटेचं काहीच लिहिलेलं नाही. माझा तुम्हाला पहिला उलटा प्रश्न हाच, की पहाटे पाचला तुमच्या बांधापाशी किती गार असतं? मोबाइलवर दिसणारं पुण्याचं तापमान इथे चालत नाही. थंड हवा रात्री खोलगट जागेत साचते, त्यामुळे ओढ्याकाठचं शेत आणि वरचा माळ यात दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो.

रात्रीवर एवढा जोर का देतेय ते सांगते. सरड्याच्या शरीराचं तापमान बाहेरच्या तापमानावर चालतं. शरीर दहा अंशांनी गरम झालं की आतला खर्च साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे थंड रात्री कपारीत बसलेला सरडा जवळजवळ काहीच खर्च करत नाही, इंजिन बंद करून गाडी उभी केल्यासारखं. रात्र उबदार असली की तो नुसता बसूनही साठवलेली चरबी जाळत राहतो. दिवसा ऊन मिळालं आणि किडे मिळाले तर हा खर्च भरून निघतो, कदाचित फायदाही होतो. पण गरम रात्री आणि कोरडी, किडे नसलेली जमीन असं एकत्र आलं तर तोटा. म्हणून "गरम हिवाळा सरड्यांना चांगला की वाईट" याला एका वाक्यात उत्तर नाही, आणि कोणी देत असेल तर जरा सांभाळून ऐका. ते रात्रीवर आहे, शेवटचा पाऊस कधी झाला यावर आहे (डिसेंबरात अवकाळी येऊन गेला असेल तर गवत हिरवं राहतं आणि नाकतोडे, मुंग्या, कोळी जास्त मिळतात), आणि प्राण्याच्या वयावरही आहे.

वयाचा मुद्दा लोक विसरतात. आपला नेहमीचा बागेतला सरडा, कॅलोटेस व्हर्सिकलर गटातला, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत अंडी घालतो. पावसाळ्यात नि त्यानंतर निघालेली पिल्लं जानेवारीत बोटभर ते वीतभर असतात, शेपटीसकट. लहान अंग पटकन तापतं आणि पटकन गार होतं, शिवाय वाढायचं असल्यामुळे त्यांना खायची घाई जास्त. त्यामुळे सकाळी लवकर आणि थोड्याशा उन्हालाही बाहेर दिसणारे बरेचसे हे कालचे पोरटेच असतात. तुम्ही "खूप सरडे" म्हणता त्यात लहान किती आणि मोठे किती हे वेगळं लिहा. नुसती लहानांची गर्दी असेल तर त्यात फारसं नवल नाही. मोठे नर रोज सकाळी नऊच्या आधी उंच दगडावर येऊन बसतायत, डोकं वरखाली करतायत, दुसऱ्या नराच्या अंगावर धावून जातायत, असं जानेवारीत दिसलं तर मात्र मी वही उघडून बसेन.

लाल डोक्याबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय, की एका सरड्याचं डोकं लालसर दिसलं म्हणजे विणीचा हंगाम लवकर सुरू झाला का. एका लाल डोक्यावरून नाही म्हणता येत. नराचा रंग मिनिटांत बदलतो, समोर दुसरा नर आला किंवा मांजर मागे लागलं तरी. आणि गार असताना हेच सरडे काळपट दिसतात, कारण गडद रंगाने ऊन जास्त शोषलं जातं, अंग तापलं की फिके पडतात. तेव्हा रंग लिहिताना वेळही लिहा, नाहीतर त्या नोंदीचा उपयोग नाही. विणीची खूण म्हणायची तर तोच नर त्याच जागी सलग काही दिवस रंग धरून, गळा फुगवून बसलेला हवा, किंवा मादी मऊ मातीत भोक उकरताना दिसायला हवी.

रंग कशाकशावर अवलंबून असतो याचं आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर सरडा सुपर्बा नावाचे फॅन-थ्रोटेड सरडे आहेत, नराच्या गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो, मार्च ते मे तो उघडझाप करत दगडावर उभा असतो. २०१६ मध्ये या गटाला सरडा (Sarada) हे वेगळं जीनस, म्हणजे प्रजातीचं नाव, मिळालं. याच पठारावर पवनचक्क्यांमध्ये अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी, त्यामुळे सरडे जास्त, पण तेच सरडे अंगाने बारीक आणि नरांचे रंगही फिके. म्हणजे रंगात शिकारी, गर्दी, खाणं सगळंच येतं. दर गोष्ट तापमानाच्या खात्यावर टाकू नका, एवढंच माझं म्हणणं. मात्र जानेवारीत चाळकेवाडीला पंखा पूर्ण उघडून नर उभा दिसला तर ते नक्की कळवण्यासारखं आहे, कारण त्या दिवसांत ते सहसा झुडपाखाली, दगडाआड गप्प असतात.

आता बघायचं कसं. मी काय करते ते सांगते, तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

एकच बांध धरा. रोज नवीन जागा फिरण्यापेक्षा पन्नास-साठ पावलांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघणं जास्त कामाचं, कारण तुलना करता येते. ऊन बांधावर पडायच्या आधी तिथे पोचा. पूर्व-पश्चिम बांध असेल तर दक्षिण बाजूला उभं राहून बघा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून ऊन त्या बाजूच्या दगडांवर येतं आणि सरडेही तिथेच बसतात. पहिली नोंद, ऊन दगडाला किती वाजता लागलं. दुसरी, पहिला सरडा किती वाजता दिसला. या दोन्हीतलं अंतर फार बोलकं असतं. गार रात्रीनंतर ऊन येऊनही तास-दीड तास कोणी बाहेर येत नाही, गरम रात्रीनंतर ऊन आलं की लगेच डोकी दिसायला लागतात. हे अंतर तुम्ही महिनाभर लिहिलंत आणि शेजारी पहाटेचं तापमान लिहिलंत, तर तुमच्या बांधापुरतं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

उभं कुठे राहायचं, तर सात-आठ पावलं लांब, तुमची सावली बांधावर पडणार नाही अशा ठिकाणी. सावली हलली की ससाणा आला असंच त्यांना वाटतं. आणि ते काही उगाच नाही, हिवाळ्यात आपल्या माळांवर खरूची, भोवत्या हे पाहुणे शिकारी पक्षी उतरलेले असतात, शिवाय आपला शिक्रा, तिसा, भारद्वाज, खंड्या हे बारा महिने आहेतच. गरम हिवाळ्यात सरडे जास्त वेळ उघड्यावर बसले तर नेमके त्या दिवसांत बसतात जेव्हा वर डोळे जास्त असतात. ही बाजू कोणी फारशी लिहीत नाही. तुम्हाला बांधाजवळ खरूची घिरट्या घालताना दिसली तर तेही वहीत घ्या.

साधी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरे, जवळचं फोकस होणारी असेल तर उत्तम. सरड्याकडे सरळ चालत जायचं नाही, तिरकं, थांबत थांबत जायचं आणि तो अंग चपटं करून उन्हाकडे पाठ देऊन बसला असेल तर आणखी पुढे जायचंच नाही. तो अजून तापतोय. गार सरडा पळायला मंद असतो, आणि तुम्ही त्याला कपारीत घालवलंत तर त्याने अर्धा तास जमवलेली ऊब थंड दगडात जाते, मग परत पहिल्यापासून सुरुवात. दिवस आधीच लहान असतो. फोटोसाठी हे करणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं, कारण अकरा वाजता तोच सरडा तापून टुकटुकीत झालेला असतो आणि त्याचा फोटोही चांगला येतो. तेवढा वेळ थांबा ना.

सापसुरळी, म्हणजे आपली सापाची मावशी, हिच्याबाबत जास्त जपून. ती आणि पाल शेपूट टाकतात, बागेतला सरडा टाकत नाही. त्यांच्या शेपटीत चरबी असते, हिवाळ्यात तीच शिदोरी. पोराटोरांनी गंमत म्हणून शेपूट धरली की शिदोरी गेली, आणि नवीन शेपूट उगवायला आणखी खर्च. तुमच्या घरी मुलं असतील तर हे एवढं समजावून सांगा.

तापमान मोजायचंय तर दोन गोष्टी पुरेत. एक साधा डिजिटल थर्मामीटर, सावलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण सरडा आपल्या छातीच्या उंचीवर राहत नाही. आणि जमलंच तर इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारं यंत्र, तीसुद्धा दगडावर मारायची, सरड्यावर नाही. त्या लाल ठिपक्याने त्याच्या डोळ्यांना त्रास होतो आणि एवढ्या लहान अंगाचं रीडिंग लांबून बरोबर येतही नाही, आजूबाजूचा दगडच मोजला जातो. काळा कातळ हवेपेक्षा किती गरम असतो ते आकड्यात बघितलंत की मग "हवा अठ्ठावीस आहे तरी सरडा सावलीत का गेला" हा प्रश्न पडत नाही.

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित नोंद म्हणजे दुपार. उन्हाळ्यात सरडे सकाळी एकदा आणि संध्याकाळकडे एकदा असे दोन पाळ्यांत दिसतात, मधे भर दुपारी सावलीत. थंडीत उलट, एकच पाळी, साधारण दहा ते चार, आणि भर दुपारी सर्वात जास्त. आता गरम जानेवारीत एक ते तीनच्या दरम्यान ते गायब व्हायला लागले, तोंड उघडून धापा टाकताना दिसले, पंजे उचलून बसले, तर त्यांनी हिवाळ्यातच उन्हाळ्याचं वेळापत्रक धरलंय. मला स्वतःला हे "लवकर उठले का" यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. मेक्सिकोत २०० ठिकाणांवर, सरड्यांच्या ४८ जातींवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९७५ पासून १२ टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झालेले आढळले, आणि त्याचं कारण असं मांडलं गेलं की गरमीमुळे सावलीत बसायचे तास वाढले आणि नेमकं विणीच्या दिवसांत खायला वेळ उरला नाही. आपल्याकडे तसंच होतंय असं मी म्हणत नाही. पण तास मोजणं का महत्त्वाचं ते यातून कळावं. आपल्याकडेही २०२३ चा फेब्रुवारी देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम होता, म्हणजे हे एखाद्या शेतापुरतं नाही.

आत्तापर्यंतचं गोळा करायचं तर, पहाटेचं तापमान, ऊन लागल्याची वेळ, पहिला सरडा, लहान-मोठे वेगळे, काळपट की फिका, दुपारी आहेत की गायब, शेवटचा किती वाजता. आणि ज्या दिवशी एकही दिसला नाही तो दिवससुद्धा लिहायचा, शून्य म्हणून. शून्य न लिहिणाऱ्यांच्या वह्या वाचल्या की वाटतं यांच्याकडे रोज सरड्यांची जत्रा भरते. एका वर्षाच्या नोंदीवरून हवामान बदललं वगैरे ठरवायचं नाही, तीन-चार हिवाळे हातात आले की मग बोलू.

दगड उलटे करून बघू नका, हे जरा जोरात सांगते. एक तर त्या दगडाखालचा ओलावा आणि ऊब मोडते. दुसरं म्हणजे ज्या बांधात सापसुरळी आहे तिथे तिच्या मागावरचे सापही आहेत. फुरसं नेमकं अशाच दगडाखाली असतं, आणि घोणस थंडीच्या दिवसांत सकाळच्या उन्हाला बाहेर येऊन पडते, हे तिच्या जुळायचे दिवस. गरम रात्री असल्या की रात्रीही हिंडते. त्यामुळे बांधाजवळ बूट, हातात टॉर्च, कपारीत बोट नाही. चावलंच तर १०८ ला फोन आणि सरळ मोठं सरकारी रुग्णालय, बाकी कुठलाही उपाय मधे नको.

पाणी आणि खाणं? ठेवू नका. सरडे दंव आणि पानावरचे थेंब चाटतात, आणि खायला हलणारा किडा लागतो, तुमचा भात नाही. ताटली ठेवलीत की मुंग्या येतात, मांजर येतं, आणि ज्या वेळी सरडा अर्धवट तापून मंद बसलेला असतो नेमकं त्याच वेळी ते मांजर बांधावर बसलेलं असतं. मदतच करायची असेल तर या दिवसांत बांधावरचं वाळलेलं गवत आणि पालापाचोळा पेटवू नका. आपल्याकडे संक्रांतीच्या पुढे-मागे बांध जाळायची घाई असते. थंडीत सापसुरळ्या त्याच पाल्यात असतात आणि गार असतील तर पळूही शकत नाहीत. गवत काढायचंच असेल तर दुपारी, ते जागे आणि चपळ असताना, विळ्याने एका बाजूने कापत जा म्हणजे दुसऱ्या बाजूला सरकायला जागा राहते. बांधाचे ढासळलेले दगड सिमेंटने लिंपू नका, त्या फटी हीच त्यांची रात्रीची खोली.

राहिली घोरपड. तुम्ही फोटोत आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी शेकत पडलेली दाखवलीय. फोटो सुंदर आहे, पण मागे ओळखू येईल अशी विहीर आणि पाटी दिसतेय, तेव्हा तो कुठे टाकायचा असेल तर ते कापून टाका. थंडीच्या सकाळी घोरपड अर्धा-अर्धा तास हलत नाही, त्यामुळे पकडणाऱ्याला सोपी जाते, आणि मांस, तेल, "हत्था जोडी" (घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय, जे नशीब उघडणारी मुळी म्हणून विकतात) असल्या थोतांडापायी ती अजूनही मारली जाते. वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत (शेड्यूल-१), म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर नोंद करताना लोकेशन लपवायचा पर्याय असतो, तो वापरा. शेतावर कामाला येणाऱ्यांना ढोलीचं आपणहून सांगू नका, आणि कोणी जाळं, कुत्री घेऊन बांधाला फिरताना दिसलं तर स्वतः भिडू नका, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा.

पहाटेचं तापमान आठवडाभर लिहून इथेच टाका, त्यावरून पुढचं सांगते.